विंचूदंशात प्रॅझोसिनचा पहिला डोस: सोळा किलोच्या मुलाचं प्रकरण

भातकापणीचे दिवस होते. महाड तालुक्यातल्या एका वाडीवर तिन्हीसांजेला भाताचे भारे हलवताना सहा वर्षांच्या मुलाच्या बोटाला विंचू चावला. घरच्यांनी मारून पिशवीत आणलेला विंचू लाल होता, बोटभर लांब. ग्रामीण रुग्णालयात पोहोचेपर्यंत दोन तास उलटून गेले होते, कारण आधी विंचू उतरवणाऱ्याकडे नेलं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मूल आलं तेव्हा रडत नव्हतं. "ठणका कमी झालाय, उतरलाय वाटतं," आजी म्हणाली. लाल विंचवाच्या दंशात या वाक्यानं निश्चिंत होऊ नये. नुसत्या ठणक्यानं जोरजोरात रडणारं मूल बहुधा धोक्याबाहेर असतं. घामानं चिंब होऊन गप्प पडलेलं मूल तसं नसतं. या मुलाला तीन उलट्या झाल्या होत्या, लाळ गळत होती, शिस्न ताठरलेलं होतं. हात कोपरापर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत गार. नाडी १४८, रक्तदाब १४०/९६. या वयाला ९५/६० च्या आसपास अपेक्षित असतो. छाती स्वच्छ होती, श्वास किंचित वाढलेला. वजन १६ किलो. हे काट्यावर घेतलेलं वजन आहे, आईनं सांगितलेलं नाही. पुढचं सगळं गणित या आकड्यावर उभं आहे, म्हणून मुद्दाम लिहितो.

निदानाला वेळ लागला नाही. लाल विंचवाचं विष स्वायत्त मज्जातंतूंमधल्या सोडियम वाहिन्या बंद होऊ देत नाही. तंतू पेटत राहतात आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन-अ‍ॅड्रेनलिनचा पूर येतो. उलट्या, घाम, लाळ ही सुरुवात. मग रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदयाला त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं, आणि ते थकलं की फुप्फुसात पाणी भरतं. हे मूल दुसऱ्या टप्प्यावर होतं, तिसऱ्याच्या उंबऱ्यावर. औषधही ठरलेलं होतं: प्रॅझोसिन. रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा-१ रिसेप्टरना, म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनलिन जिथे चिकटतं त्या जागांना, ते अडवतं आणि हृदयावरचं ओझं दोन्ही बाजूंनी, आत येणाऱ्या रक्ताचं आणि बाहेर ढकलताना लागणाऱ्या दाबाचं, हलकं करतं.

डोस काढायला इंटर्न बसली. रुग्णालयातल्या तक्त्यावर लहान मुलांसाठी किलोला ३० मायक्रोग्रॅम लिहिलेलं होतं. सोळा गुणिले तीस, ४८० मायक्रोग्रॅम. एक मिलिग्रॅमची जवळजवळ अर्धी गोळी. तिचा हात थांबला. "सर, मोठ्या माणसालाही आपण अर्धीच देतो ना? पाचशे मायक्रोग्रॅम. मग एवढ्या पोराला तेवढीच?"

तिनं विचारलं ते बरोबरच होतं, आणि गुणाकार तपासून त्याचं उत्तर मिळणार नव्हतं. प्रौढाच्या डोसवरून मुलाचा डोस काढायच्या नेहमीच्या रीतीनं गेलं तर आकडा खूप खाली येतो. पन्नास किलोच्या माणसाला ५०० म्हणजे किलोला १०, त्या हिशेबानं मुलाला १६०. लहान शरीराचा चयापचय वजनाच्या मानानं जलद चालतो. ते धरून वजनाचा ०.७५ घात घेतला तर सुमारे २१०. मुलांसाठी पूर्वी सरसकट वापरला जाणारा डोस २५०, म्हणजे पाव गोळी. आणि तक्ता म्हणतो ४८०. एकाच मुलासाठी, एकाच औषधाचे हे आकडे, आणि सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात लहानाच्या तिप्पट. कोणता आकडा कोणत्या भीतीतून जन्मला, हे कळल्याशिवाय त्यातला एक निवडणं म्हणजे डोळे झाकून बोट ठेवणं.

एक मिलिग्रॅमचा उगम

प्रॅझोसिन विंचवासाठी शोधलेलं औषध नाही. १९७० च्या दशकात ते उच्च रक्तदाबावर आलं. सुरुवातीच्याच वापरात एक गोष्ट ठळकपणे दिसली. काही रुग्ण पहिली गोळी घेतल्यावर अर्ध्या ते दीड तासात उभे राहिले की कोसळायचे. पुढच्या गोळ्यांना तेच रुग्ण तसे कोसळत नसत. पहिलाच डोस दोन मिलिग्रॅम किंवा जास्त दिला तर साधारण शंभरात एकाची शुद्ध हरपते, हे औषधाच्या माहितीपत्रकात नोंदलं गेलं आणि सुरुवात एक मिलिग्रॅमच्या वर करू नये असं ठरलं. ज्यांच्या शरीरात मीठ-पाणी कमी आहे किंवा जे बीटा-ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारी औषधं) घेतात, त्यांना हा धोका जास्त.

म्हणजे एक मिलिग्रॅम हा आकडा 'किती दिलं की रक्तदाब पुरेसा उतरतो' यातून आलेला नाही. तो 'किती दिलं की माणूस पडत नाही' यातून आलेला आहे. पुढे रक्तदाबासाठी हेच औषध दिवसाला कितीतरी मिलिग्रॅमपर्यंत नेतात आणि शरीर ते सोसतं. पहिला डोस परिणामकारक डोसाहून लहान असण्याचं हे फार स्वच्छ उदाहरण आहे. औषधशास्त्र शिकवताना हा फरक आम्ही पुरेसा ठासून सांगत नाही, असं मला वाटतं. विद्यार्थी 'डोस' हा एकच आकडा पाठ करतात.

अगदी नव्या रेणूचा माणसाला द्यायचा पहिला डोस याहून वेगळ्या वाटेनं काढतात, कारण तिथे माणसाचा अनुभवच नसतो. प्राण्यांमध्ये ज्या डोसापर्यंत अपाय दिसत नाही तो घ्यायचा, शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात माणसाच्या डोसात बदलायचा आणि वर किमान दहापट सुरक्षिततेसाठी कमी करायचा. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेच्या २००५ सालच्या मार्गदर्शनात रॅटच्या डोसाला ६.२ नं आणि कुत्र्याच्या डोसाला १.८ नं भागायला सांगितलं आहे. म्हणजे रॅटला किलोमागे ५० मिलिग्रॅम निर्धोक ठरलं तर माणसासाठी सुमारे ८, आणि दहानं भागून सुरुवात ०.८ पासून. हे गणितही पुरत नाही, हे मार्च २००६ मध्ये लंडनमध्ये दिसलं. टीजीएन १४१२ या प्रतिपिंडाचा पहिला डोस माकडांना निर्धोक ठरलेल्या डोसाच्या पाचशेव्या हिश्श्याएवढा होता. तरीही तो घेतलेले सहाही निरोगी स्वयंसेवक काही तासांत अतिदक्षता विभागात गेले. माकडाच्या पेशी त्या रेणूला जसा प्रतिसाद देत होत्या तसा माणसाच्या देत नव्हत्या. तेव्हापासून अशा रेणूंसाठी अपाय न होणाऱ्या डोसावरून खाली येण्याऐवजी, माणसाच्या पेशींवर जेमतेम परिणाम दिसेल अशा डोसावरून सुरुवात करायचा आग्रह धरला जातो. रिसेप्टर किती भरले जातील, हा प्रश्न किलोच्या गणिताच्या आधी विचारला जातो. आपल्या मुलाच्या बाबतीतही अखेर तोच प्रश्न कामी आला.

एकाची अर्धी कशी झाली

महाड परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशात प्रॅझोसिनचा उपयोग १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. त्याआधी फुप्फुसात पाणी भरलेल्या रुग्णांसाठी सोडियम नायट्रोप्रुसाइड होतं. पण ते शिरेतून थेंब मोजत आणि रक्तदाबावर सतत नजर ठेवून द्यावं लागतं. पावसाळ्यात वीज नसलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते कसं जमायचं? तशाच प्रकारे ओझं हलकं करणारी, तोंडानं देता येणारी, स्वस्त गोळी मिळणं ही कोकणातल्या खेड्यांसाठी केवढी मोठी गोष्ट होती, हे त्या काळच्या मृत्यूंच्या आठवणी असलेल्या घरांना विचारावं.

रक्तदाबाच्या रुग्णासाठी सुरुवात एक मिलिग्रॅमपासून. विंचू चावलेला प्रौढ मात्र उलट्या आणि घामानं सुकलेला असतो. मीठ-पाणी कमी असलेल्या शरीराला पहिल्या डोसाचा धोका जास्त, हे आधीच माहीत होतं. म्हणून अर्धी गोळी, ५०० मायक्रोग्रॅम, आणि प्रतिसाद बघून दर तीन तासांनी पुन्हा. प्रौढाचा आकडा असा कोसळण्याच्या भीतीनं दाबून ठेवलेला आहे. त्यावरून खाली मोजत मुलाचा डोस काढला तर दाबलेल्याला आणखी दाबल्यासारखं होतं. १६० आणि २१० हे आकडे मी बाजूला ठेवले ते यासाठी.

मुलाला किलोमागे जास्त का

पहिलं कारण विषाचं. विंचू समोरच्याचं वजन बघून विष सोडत नाही. पन्नास किलोच्या माणसात जेवढं विष पसरलं असतं तेवढंच सोळा किलोच्या मुलात पसरतं, म्हणजे किलोमागे तिप्पट. सर्पदंशात आपण हे तत्त्व कसलाही वाद न घालता पाळतो. घोणस सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते, प्रतिविषाची एक कुपी घोणशीचं ६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते, म्हणून सुरुवात दहाच्या आसपास कुप्यांनी, आणि मूल असो की मोठा, कुप्या तेवढ्याच. ज्या औषधाचं गिऱ्हाईक शरीर नसून विष आहे, त्याचा डोस विषावर ठरतो.

प्रॅझोसिन मात्र विषाला हात लावत नाही. ते शरीरावर काम करतं, म्हणून त्याला कुपीचा नियम जशाच्या तसा लागू होत नाही. इथे दुसरं कारण येतं, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. प्रॅझोसिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन एकाच रिसेप्टरसाठी झगडतात. अशा झगड्यात अडवणाऱ्याचा परिणाम समोर चेतवणारा किती आहे यावर अवलंबून असतो. औषधशास्त्रज्ञ शिल्ड यांच्या समीकरणाचा सार हाच आहे. निरोगी माणसाच्या रक्तात नॉरअ‍ॅड्रेनलिन माफक, तिथे एक मिलिग्रॅम प्रॅझोसिननं तो उभ्याउभ्या कोसळू शकतो. विंचवाच्या झंझावातात त्याचा पूर आलेला असतो, तिथे तेवढाच प्रॅझोसिन रिसेप्टरवर जेमतेम पाय रोवतो. १४०/९६ रक्तदाब आणि गुडघ्यापर्यंत गार पाय असलेलं मूल हे पूर किती आहे याचं मोजमापच आहे. म्हणून किलोला ३० या मुलाला जास्त होण्याची भीती त्या घडीला कमी होती. वादळ ओसरू लागलं की तोच डोस भारी पडू लागणार, हेही याच समीकरणात आहे. त्या रात्रीचा पुढचा सगळा निर्णय या एका वाक्यावर बेतलेला होता.

किलोचा गुणाकार कुठवर न्यायचा, यालाही हद्द हवी. किलोला ३० नं साडेसोळा किलोपाशीच प्रौढाचे ५०० गाठले जातात. वीस किलोला ६०० आणि तीस किलोला ९०० होतील, म्हणजे आईला दिला त्याच्या जवळपास दुप्पट डोस नऊ वर्षांच्या मुलीला. आम्ही आमच्याकडे पहिल्या डोसाला ५०० चं छत ठेवतो. हे मूल छताच्या जरा खाली बसत होतं. इंटर्नला मी हेच सांगितलं: तुझा हात थांबला ते योग्य, पण हा 'मोठ्याचा डोस' नाही, मोठ्याचाच डोस मुद्दाम लहान ठेवलेला आहे.

लक्ष्य-पातळी धरून डोस काढायची रीत इथे का वापरली नाही, हाही प्रश्न येतो. फेफरं थांबत नसेल तर फेनिटॉइन शिरेतून किलोला २० मिलिग्रॅम असं पहिल्याच फटक्यात भरतात, कारण रक्तात किती पातळी हवी हे ठाऊक असतं आणि ती गाठेपर्यंत थांबायला वेळ नसतो. प्रॅझोसिनसाठी पातळी मोजायची गरज पडत नाही. हात गार आहे की ऊबदार, शीर दिसते की नाही, बीपीचा पट्टा काय सांगतो, हे खाटेशेजारी उभ्यानं कळतं. परिणाम असा डोळ्यांना दिसत असेल तर लहान सुरुवात करून वाढवत जाणं पूर्ण भरण्यापेक्षा शहाणपणाचं.

दिला कसा

अर्धी गोळी नखानं मोडली तर दोन तुकडे सारखे निघतीलच असं नाही, पावाचं तर बोलायलाच नको. एक मिलिग्रॅमची साधी गोळी कुटून १० मिलिलिटर पाण्यात ढवळली. मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम. औषध पाण्यात फारसं विरघळत नाही, तळाशी बसतं, म्हणून नीट हलवून लगेच सिरिंजमध्ये ४.८ मिलिलिटर ओढून गालाच्या आत सोडलं. त्याआधी उलटीवर इंजेक्शन दिलं होतं आणि सलाईनही चालू केलं होतं, पण सावकाश. सुकलेल्या शरीराला पाणी हवं, थकू लागलेल्या हृदयाला ते फार नको.

चाळीस मिनिटांनी मुलानं एकदा ओकलं. आता किती औषध आत राहिलं? सांगता येणं शक्य नव्हतं. पुन्हा पूर्ण डोस दिला असता आणि आधीचं बरंचसं शोषलं गेलेलं असतं, तर दुप्पट झालं असतं. म्हणून दिलं नाही. दर अर्ध्या तासाचं बीपी हेच उत्तर देणार होतं.

याच वेळी आजी त्याला मांडीवर घ्यायला निघाली. लेकरू ओकतंय, कोण घेणार नाही? पण पहिल्या डोसानंतर मुलाला उचलून उभं धरणं म्हणजे त्याला उभं करण्यासारखंच. "आजी, तीन तास त्याला आडवंच राहू द्या, तुम्हीच खाटेवर त्याच्याशेजारी बसा," असं सांगून तिला तिथेच जागा करून दिली. माझ्या मते डोसाच्या आकड्याइतकाच हा सल्ला डोसाचा भाग आहे. आडव्या शरीराला जो डोस निर्धोक आहे तो उभ्या शरीराला तसा असेलच असं नाही.

दीड तासानं बीपी १२६/८६, नाडी १३६. म्हणजे बऱ्यापैकी औषध आत गेलं होतं. तीन तासांनी ११८/७८, हात मनगटापर्यंत गार, पाय घोट्याच्या वर अजून थंड. दुसरा डोस तेवढाच, ४८०. प्रॅझोसिनचं अर्धायुष्य दोन ते तीन तासांचं, म्हणजे पहिल्या डोसातलं निम्मं किंवा त्याहून कमी उरलेलं. दुसऱ्यानंतर शरीरात पहिल्याच्या जास्तीत जास्त दीडपट औषध होणार होतं. पहिल्या डोसाला छत ठेवायचं ते यासाठीही: दुसऱ्याला जागा ठेवावी लागते.

त्यानंतर सहा तासांनी तिसरा, असं तक्त्यात होतं. पहाटे इंटर्ननं सिरिंज तयार ठेवली होती. मुलाचे तळवे कोरडे, ऊबदार. पायाच्या पाठीवरची शीर दिसत होती. बीपी ९८/६२, नाडी ११०. आणि ते रडत होतं, बोट ठणकतंय म्हणून. पूर ओसरला होता. रिसेप्टरवर झगडायला नॉरअ‍ॅड्रेनलिन उरलं नव्हतं. नऊ तासांपूर्वी जेमतेम पुरलेला डोस आता याच मुलाला खाली ओढू शकला असता. तिसरा डोस दिला नाही. बोटाच्या मुळाशी भूल देऊन ठणका शमवला. ईसीजी आणि फुप्फुसं बघत आणखी एक दिवस ठेवून घरी सोडलं.

जे केलं नाही

विंचवावरचं प्रतिविष त्या रात्री आमच्याकडे शिल्लक नव्हतं. असतं तर प्रॅझोसिनसोबत दिलं असतं. महाडमध्येच झालेली आणि २०११ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आलेली ७० रुग्णांची चाचणी याबाबत स्पष्ट आहे. दोन्ही मिळालेल्यांपैकी दहा तासांत ९१ टक्के पूर्ण बरे झाले, नुसतं प्रॅझोसिन मिळालेल्यांपैकी २३ टक्के. एक औषध विष संपवतं, दुसरं तोवर हृदय सांभाळतं.

अ‍ॅट्रोपिन दिलं नाही. लाळ आणि घाम बघून ते द्यायचा मोह होतो, पण आधीच धावणाऱ्या हृदयाला ते आणखी पळवतं. स्टेरॉइडचा इथे उपयोग नाही. त्याच आठवड्यात आलेल्या, नुसता ठणका असलेल्या, अंग ऊबदार असलेल्या एका तरुणाला प्रॅझोसिनही दिलं नाही, घरच्यांनी आग्रह धरला तरी. 'खबरदारी म्हणून' दिलेल्या डोसाला झगडायला समोर कोणी नसतं. तिथे उरतो फक्त पहिल्या डोसाचा धोका.

या प्रकरणानंतर आमच्या तक्त्यात तीन दुरुस्त्या झाल्या. किलोच्या आकड्याशेजारी ५०० चं छत लिहिलं. 'दर सहा तासांनी' पुढे 'हातपाय गार असतील तरच' हे शब्द आले. आणि डोस मिलिग्रॅमच्या दशांशात न लिहिता मायक्रोग्रॅममध्ये लिहायचं ठरलं, कारण ०.५ मधला टिंब घाईत पुसट झाला तर ५ वाचला जातो, आणि पाच मिलिग्रॅमची सावकाश विरघळणारी गोळी रक्तदाबाच्या रुग्णांसाठी त्याच कपाटात असते. ती कुटली तर तिचा सावकाशपणा संपतो आणि सगळं औषध एकदम सुटतं. म्हणून आता साध्या एक मिलिग्रॅमच्या पट्ट्या वेगळ्या डब्यात, सिरिंज आणि १० मिलिलिटरच्या मापासह, विंचूदंशाच्या ट्रेमध्ये ठेवतो.